गौलीगुड्यातली सहा नंबरची खोली

हैदराबादला गेल्यावर उतरायचं कुठं, हा प्रश्न मला वयाच्या साठाव्या वर्षी पहिल्यांदा पडला. त्याआधी तिथं उतरायचे ते दुसरे लोक. आम्ही तिथलेच होतो, आमच्याकडे माणसं उतरायची.

माझे बाबा गौलीगुड्यातल्या एका लॉजचे मॅनेजर होते. काउंटरच्या मागे दोन खोल्या होत्या, त्यात आम्ही तिघं राहायचो. बाबा, माय आणि मी. पाटीवर लॉजचं नाव तेलुगू, उर्दू आणि देवनागरी अशा तीन लिप्यांत रंगवलेलं होतं, पण आम्ही कधी ते नाव घेतलं नाही. नुसतं 'लॉज' म्हणायचो. नांदेड, परभणी, सेलू, बिदर इकडची माणसं बसमधून उतरली की गाठोडं सांभाळत सरळ आमच्या दारात यायची, कारण आत मराठी बोलणारा माणूस बसलेला आहे हे त्यांना गावातूनच सांगून पाठवलेलं असायचं. कुणाचा कोर्टात दावा असायचा, कुणाला मुलगी बघायची असायची. बहुतेकांचा दवाखाना असायचा.

लग्नानंतर मी पुण्याची झाले. सासरी लॉजचा विषय मी फारसा काढला नाही. माहेरची माणसं हॉटेल लायनीत होती, एवढं सांगितलं की लोक पुढं विचारत नाहीत. परवा सुट्टी जोडून आली, मुलगा कामासाठी परदेशी गेलेला, आणि माझी सून केतकी म्हणाली, "आई, आपण दोघीच हैदराबादला जाऊन येऊ या का? तुम्ही तिथलं खाण्याचं इतकं सांगता, पण तुमचं घर कुठं होतं ते कधी सांगितलं नाहीत."

मग ती संध्याकाळभर फोनवर हॉटेलं बघत बसली. "हे स्टेशनजवळ आहे. याचे रिव्ह्यू चांगलेत. आणि हे बघा, हे हेरिटेज."

"बाकी काही नको," मी म्हटलं. "फक्त स्वच्छ असावं."

घरात हे माझं वाक्य सगळ्यांना पाठ आहे. मला किळस फार. ओल्या पायपुसण्याची, दुसऱ्याच्या कपाला लागलेल्या ओठांच्या रेघेची, साबणाला चिकटलेल्या केसाची. लग्नाच्या हॉलमध्ये मी पाणी पीत नाही. प्रवासात स्वतःची चादर नेते. हे मी मायकडून घेतलं असं मी सगळ्यांना सांगत आले आहे. ते पूर्ण खरं नाही.

सिकंदराबादला स्टेशनसमोरच्या हॉटेलात आम्ही सकाळी आठला शिरलो आणि दुपारी बाहेर पडलो. खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांबडा गालिचा होता आणि तो ओला होता. कशानं ओला, ते विचारायचं मला धाडस झालं नाही. चप्पल काढावी तर पाय ठेवायचा कुठं? पाणी तापवायच्या किटलीच्या तळाशी पांढरा थर, टीव्हीचा रिमोट प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, आणि त्या प्लास्टिकवर इतक्या बोटांचं तेल साचलेलं की आतली बटणं दिसत नव्हती. उशीचा अभ्रा पांढराशुभ्र होता. मी तो उचलून आतली उशी बघितली. बघायला नको होती.

दुसरं हॉटेल पार पश्चिमेला, काचेच्या इमारतींच्या गर्दीत, अकराव्या मजल्यावर. तिथं न्हाणीघराची भिंतही काचेची होती. पलंगावर पडल्या पडल्या समोर कमोड. "पडदा आहे, आई," केतकी म्हणाली आणि तिनं बटण दाबलं. पडदा निम्म्यावर येऊन थांबला. त्या इमारतीत सगळीकडे एक गोड वास सोडलेला होता, लिफ्टमध्ये, पॅसेजमध्ये, टॉवेलात. खिडकी उघडत नव्हती. सकाळी नाश्त्याला गेलो तर दीडदोनशे माणसं एकच पळी आळीपाळीनं धरून उपमा वाढून घेत होती. उठून गेलेल्यांची ताटं तशीच टेबलांवर. निम्मे खाल्लेले डोसे, अंड्याच्या पिवळ्या बलकात खुपसून ठेवलेले कागदी रुमाल. एवढं अन्न वाढून घ्यायचं आणि त्यात हात पुसल्यासारखं करून निघून जायचं. मी कोरा चहा घेतला आणि तोही संपवला नाही.

तिसरं ते हेरिटेज. जुन्या शहराच्या बाजूला, एका जुन्या कमानीला नवा सोनेरी रंग फासून केलेलं. दारात शेरवानी घातलेल्या माणसानं गुलाबदाणीतून आमच्या अंगावर पाणी शिंपडलं आणि कमरेत वाकून म्हणाला, "तशरीफ़ लाइए, बेगम साहिबा."

माझ्या आयुष्यात हैदराबादमध्ये मला कुणी असं बोललं नव्हतं. आमच्या गल्लीत बोलायचे ते 'कैकू', 'नक्को', 'हौला है क्या रे'. त्या शेरवानीची कॉलर घामानं काळी पडली होती. मी त्याला विचारलं, "कां के हैं भाई तुम?"

त्याचा चेहरा एकदम सैल झाला. "महबूबनगर साइड का हूं अम्मा. ये सब बोलना पड़ताइच. नौकरी है ना."

अंगणातल्या कारंज्यात प्लास्टिकच्या पाकळ्या तरंगत होत्या आणि पाकळ्यांखाली शेवाळ. आमच्या खोलीला कुठल्याशा बेगमेचं नाव दिलेलं. पलंगाला मखमली छत, छतावर धूळ, आणि सगळ्यावर अत्तर मारलेलं. केतकी म्हणाली, "इथं छान वास येतोय." मी दोन मिनिटं उभी राहिले. अत्तराच्या खाली गटार होतं. न्हाणीच्या जाळीतून, भिंतीच्या ओलीतून ते हळूहळू वर येत होतं. मी मुसी नदीच्या वाऱ्यावर वाढले आहे. तो वास मला कुणी अत्तरात बुडवून दिला तरी कळतो.

"आई," केतकी पलंगाच्या कडेवर बसत म्हणाली. तिनं आवाज चढवला नाही, पण ती दमलेली होती. "हे तिसरं झालं. चौथंही बघू, मला काही नाही. पण तुम्हाला नक्की कुठं राहायचंय?"

मी न्हाणीचं दार घट्ट ओढून घेतलं.

"तुमच्या बाबांचं हॉटेल होतं ना इथं कुठं तरी? ते आहे का अजून? तिथंच जाऊन बघू या."

"ते हॉटेल नव्हतं," मी म्हटलं. "लॉज होतं. आणि बाबांचं नव्हतं, बाबा तिथं नोकरीला होते." तिला हे मी तिच्या लग्नानंतर सात वर्षांनी सांगत होते.

रिक्षा अफझलगंजवरून वळली आणि वारा नदीकडून आला, तशी माझ्या डोळ्यांपुढं आमची गच्ची आली.

दर पंधरा दिवसांनी आमच्याकडे ढेकणांचा रविवार असायचा. सगळ्या खोल्यांतल्या लोखंडी खाटा गच्चीवर चढवायच्या, गाद्या कठड्यावर टाकायच्या. चुलीवर पातेलीच्या पातेली पाणी उकळायचं, माय पदर खोचून ते खाटांच्या सांध्यांत ओतायची, आणि ढेकूण टपाटप खाली पडायचे. मेलेल्या ढेकणांचा एक वास असतो. हिरव्या, चुरगाळलेल्या कोथिंबिरीसारखा, पण गोडसर. आजही भाजी निवडताना तो माझ्या नाकात येतो आणि मी जुडी खाली ठेवते. मग रॉकेल, मग फिनेल. दुपारी उन्हात तापलेल्या गाद्यांमधून आतापर्यंत त्यांवर झोपलेल्या सगळ्या माणसांचा वास एकदम वर यायचा. खोबरेल, विडी, घाम, आजारपण, लहान लेकरांचं मूत. मी आणि माय काठीनं गाद्या झोडायचो. धुळीचे लोट नदीकडे जायचे आणि नदीकडून तिचा वास आमच्याकडे यायचा. संध्याकाळी कुठल्याशा मशिदीतली अजान आणि समोरच्या विठ्ठलमंदिरातली घंटा जवळजवळ एकाच वेळी ऐकू यायची, खाली ठेल्यावर मिरच्यांची भजी तळायला टाकलेली असायची, आणि त्या एका घटकेत सगळं शहर मला धुतल्यासारखं वाटायचं. तेवढी घटकाच.

मायला त्या लॉजचा मनापासून तिटकारा होता. ती परभणीकडच्या शेतकऱ्याची लेक. सारवलेलं अंगण, तुळस, आडाचं पाणी यातून उठून आलेली. परक्यांच्या चादरी उचलल्या की ती राखेनं चारदा हात धुवायची. "रोज नवा माणूस झोपतो अन् रोज त्याचं आपण झटकायचं," ती म्हणायची. "माझं सगळं आयुष्य दुसऱ्याची घाण काढण्यात जायलंय." बाबा उठून बाहेर जायचे. काउंटरवर येणाऱ्याला म्हणायचे, "या, बसा. आधी पाणी प्या." आणि पाणी आणायला मला पाठवायचे.

लॉज अजून तिथंच होतं. पाटी बदललेली, दर्शनी भिंतीला चॉकलेटी फरशी बसवलेली, पण जिना तोच. प्रत्येक वळणाच्या कोपऱ्यात गुटख्याच्या पिचकाऱ्या, एकावर एक, वाळून काळ्या झालेल्या आणि त्यांवर ताज्या. कोपऱ्यांत देवांची चित्रं असलेल्या टाईल्स लावल्या होत्या, कुणी थुंकू नये म्हणून. लोकांनी देवांना वगळून नेम धरला होता. केतकीनं ओढणी नाकाला लावली. मी नाही लावली. काउंटरवरच्या माणसानं आम्हाला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"कित्ते जनां अम्मा? दवाखाने के वास्ते आए?"

"नहीं," मी म्हटलं. "सहा नंबरची... छे नंबर का कमरा दिखाते क्या?"

"छे में पेशंट है अम्मा. आठ खाली है. आठ देख लेव."

आम्ही जिना चढायला लागलो. पहिल्या वळणावर माझे पाय थांबले. केतकी म्हणाली, "सहाच का, आई?" आणि मग तिथंच, त्या पिचकाऱ्यांच्या कोपऱ्यात उभं राहून, मी तिला गयाबाईंची गोष्ट सांगितली. नवऱ्यालाही मी ती कधी सांगितली नव्हती.

गयाबाई सेलूच्या बाजूच्या. मी आठवीत होते तेव्हा त्या आणि त्यांचे यजमान किसनराव सहा नंबरमध्ये येऊन राहिले. गयाबाईंच्या डाव्या जबड्याला मोठी जखम झाली होती. मिसरीनं झाली म्हणत. दवाखान्यात त्यांना रोज 'लाईट' द्यायचे, म्हणजे किरणांचा शेक, आणि ते दीड महिना चालणार होतं. त्या पदरानं सगळा चेहरा झाकून घ्यायच्या, फक्त डोळे दिसायचे. मोठे, हसरे डोळे होते. पण वास झाकता येत नाही. तो दाराच्या फटीतून पॅसेजमध्ये यायचा, ओल्या चामड्यासारखा, नासलेल्या दुधासारखा, आणि त्यावर माय फिनेल ओतायची तेव्हा तर आणखीच जाड व्हायचा. शेजारच्या खोल्यांतले लोक तक्रार करायचे. बाबा त्यांना दुसरी खोली द्यायचे, गयाबाईंना मात्र काही बोलायचे नाहीत.

त्यांना चावता यायचं नाही. माय रोज ज्वारीची आंबील करायची, फडक्यातून गाळायची, कोमट करायची आणि सहा नंबरमध्ये जायची. मी एकदा दारातून बघितलं. सगळ्या गोष्टींची किळस करणारी माझी माय गयाबाईंच्या खाटेवर, त्यांच्या मांडीला मांडी लावून बसली होती आणि चमच्यानं त्यांना आंबील पाजत होती. पदर नाकाला लावलेला नाही, मान फिरवलेली नाही. "यंदा हरबरा कसाय तुमच्याकडं?" असं काही बाही विचारत होती. बाहेर आल्यावर तिनं लगेच हातही धुतले नाहीत. स्वयंपाकघरात जाऊन दार लावल्यावर धुतले. मी म्हटलं, "माय, तुला घाण वाटत नाही?" ती म्हणाली, "वाटते ना. पण तिला दिसलं तर तिला कसं वाटंल?"

एक दिवस मायला ताप आला. तिनं पातेली माझ्या हातात दिली. "जा, पाजून ये." मी गेले. किसनराव औषध आणायला गेले होते. गयाबाईंनी मला बघून खाटेवर जागा केली. "बस बाई," त्या म्हणाल्या. त्यांचा उच्चार नीट यायचा नाही. मग प्यायला म्हणून त्यांनी पदर खाली घेतला.

मी पातेली जमिनीवर ठेवली आणि पळाले. पॅसेजच्या टोकाला बाबा कुणाशी तरी बोलत होते. मी तिथंच, मोठ्यानं, रडत म्हटलं, "सहा नंबरचा घाण वास येतो. मी परत जाणार नाही तिकडं. मला किळस येते त्यांची. घालवा ना त्यांना!"

सहा नंबरचं दार मी उघडंच टाकून आले होते. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते त्या दाराकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गयाबाई आणि किसनराव गाठोडं घेऊन खाली आले. बाबा हात जोडून पुढं झाले. "गयाबाई, पोर आहे. तिचं मनावर घेऊ नका. वर चला." पदराआडून गयाबाई म्हणाल्या, "लेकरू खोटं न्हाई बोललं, मालक. मला बी येतो वास." आणि मग माझ्यासमोरून जाताना त्यांनी अंग चोरलं. भिंतीला घासून गेल्या, त्यांचं लुगडं मला लागू नये म्हणून.

"मग?" केतकी म्हणाली. तिनं ओढणी कधी खाली घेतली ते मला कळलं नव्हतं.

मग ते दोघं दवाखान्याच्या बाहेर, कुंपणाला लागून कडुलिंबाचं झाड होतं त्याखाली राहिले. माझ्यासारखेच किती तरी लोक तिथून नाक मुरडत जात असतील. मायचा ताप उतरला आणि तिला कळलं. ती मला मारील असं मला वाटलं. तिनं मारलं नाही. आंबील केली, गाळली, पातेली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "चल." गयाबाईंचे लाईट संपेपर्यंत आम्ही रोज दुपारी तेवढं अंतर उन्हातून चालत गेलो. माय त्यांच्याजवळ बसून पाजायची. मी झाडापासून दहा पावलांवर उभी राहायची आणि श्वास कोंडून धरायची. मी एकदाही जवळ गेले नाही. माफी मागितली नाही. मला शब्दच माहीत नव्हते असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं, पण शब्द माहीत होते.

पुढच्या वर्षी किसनराव कसल्या तरी कागदासाठी एकटेच आले. मायनं त्यांना जेवायला वाढलं. तिनं काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही. हात धुताना त्यांना मी दिसले. "लई उंच झाली की पोरगी," ते म्हणाले आणि हसले.

आम्ही अजून जिन्याच्या त्याच वळणावर होतो. खालून काउंटरवाल्यानं हाक मारली, "अम्मा, आठ देखे क्या?" तेवढ्यात वर सहा नंबरचं दार उघडलं आणि एक बाई बाहेर आली. पन्नाशीची, काळीसावळी, उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर. तिनं आमचं बोलणं ऐकलं असावं.

"तुमी मराठी हाव का?" तिनं विचारलं. "बरं झालं माय. जरा हात लावता का? मालकाला जेवू घालायचंय."

तिचं नाव सुमनबाई. वसमतच्या बाजूची. नवऱ्याच्या अन्ननलिकेचं ऑपरेशन झालेलं, नाकातून नळी घातलेली, त्या नळीतून दर तीन तासांनी पातळ खाणं द्यायचं. मुलगा सोबत होता तोवर ठीक चाललं होतं. तो पेरणीसाठी गावाकडं गेला आणि त्याच आठवड्यात बसमधून उतरताना सुमनबाई पडल्या, मनगट मोडलं. "खालच्या खानावळीतला वाढप्या येऊन धरतो रोज. आज त्याला सुट्टी हाय. एका हातानं वतायचं अन् धरायचं, दोन्ही होईना."

केतकी पुढं झाली. "मी येते, मावशी."

"थांब," मी म्हटलं. "मी धरते."

माझ्या आवाजाचं मलाच आश्चर्य वाटलं. मनात मला तिथून जिना उतरून रस्त्यावर जायचं होतं.

सहा नंबरमध्ये आता प्लायवूडचा पलंग होता आणि खिडकीत बंद पडलेला कूलर. पलंगावरचा माणूस इतका वाळलेला की चादरीखाली कुणी आहे की नाही कळू नये. नाकाशी नळी चिकटवलेली पट्टी मळून करडी झाली होती. उशाशी प्लास्टिकचा मग, त्यात थुंकी आणि तिच्यात तरंगणारे जाड, पिवळट धागे. खोलीत वास कोंडलेले: दूध, डेटॉल, न बदललेले कपडे आणि एका कोपऱ्यात गॅसच्या शेगडीवर नुकताच उतू गेलेला भात. मला उमासा आला. तो मी दातांत धरला.

सुमनबाईंनी पिस्टन काढलेली मोठी सिरिंज नळीला लावून दिली. "अशी वर धरा. लई वर नका, नाहीतर भरकन जातं अन् ठसका लागतो." मी धरली. डाव्या हातानं त्या नाचणीचं पातळ पाणी ओतू लागल्या. ते फार सावकाश खाली उतरत होतं. बुडबुडा यायचा, थांबायचं, पुन्हा उतरायचं. मी दुसरीकडे बघू शकत नव्हते, कारण हात हलला असता. मध्येच त्या माणसाला ठसका लागला. सगळं अंग पलंगावरून उचललं गेलं आणि तोंडातून काही तरी उडालं. ते माझ्या मनगटावर पडलं. गरम होतं.

मी हात काढला नाही. यात मोठेपणाचं काही नव्हतं. सिरिंज सोडली असती तर सगळं त्यांच्या अंगावर सांडलं असतं, एवढंच मला दिसत होतं. माझ्या अंगावर शहारे येत होते. तो माणूस माझ्याकडे बघत होता. त्याला लाज वाटत होती, ते त्याच्या डोळ्यांत दिसत होतं.

"पेरणी झाली का तुमच्याकडं?" मी विचारलं.

त्यानं मान हलवली. सुमनबाई म्हणाल्या, "सोयाबीन टाकलं. तूर बी. लेक येईल पाच दिसांनी."

पातेलं रिकामं झाल्यावर नळीत साधं पाणी घातलं, टोक बंद केलं. मी तिथल्या बादलीत हात धुतले, हळूहळू, जणू काही घाई नाही. जिना उतरले, रस्ता ओलांडला, आणि एका बंद दुकानाच्या पायरीशी वाकून सकाळचा कोरा चहा सगळा ओकून टाकला. केतकीनं एका हातानं माझं कपाळ धरलं, दुसऱ्यानं माझे केस मागे घेतले. इतकी वर्षं ती घरात आहे, पण आम्ही एकमेकींना असं कधी धरलं नव्हतं. रस्त्यावरची माणसं बघून जात होती. समोरचा भाजीवाला पाण्याची बाटली घेऊन धावत आला. "धूप का असर हो गया अम्मा को," तो म्हणाला.

मी चूळ भरली. केतकीनं विचारलं, "आता हॉटेलवर जायचं?"

"कुठल्या?"

ती हसायला लागली, मग मीही. रडल्यासारखं हसलो.

"त्यांच्या मुलाला यायला पाच दिवस आहेत," मी म्हटलं.

तिनं बाटलीचं झाकण लावलं. मग म्हणाली, "मला सोमवारी ऑफिस आहे. तुम्ही राहता का?" आणि लगेच, जरा चाचरत, "इथंच, आठ नंबरमध्ये?"

"नाही," मी म्हटलं. "तिथं मला झोप लागणार नाही. तिथं नाही जमणार मला."

ती त्यावर काही म्हणाली नाही, याबद्दल मी तिची आभारी आहे. तिनं फोन काढला आणि आम्ही तिथंच पायरीवर बसून पुन्हा शोधायला लागलो. या वेळी फोटो कुणी बघितले नाहीत. बरकतपुऱ्यात एक निवृत्त तेलुगू शिक्षिका घरातली एक खोली भाड्यानं देत होत्या. काचीगुडा स्टेशनजवळ, गौलीगुड्याला रिक्षानं दहा मिनिटं. संध्याकाळी सामान तिकडे हलवलं. बाईंनी दारात रांगोळी काढलेली, फरशी पुसलेली. मी चादर झटकून बघितली. बाईंनी ते पाहिलं आणि त्यांनीही दुसऱ्या बाजूनं धरून झटकली.

रविवारी केतकी पुण्याला गेली. स्टेशनवर तिनं मला हातमोज्यांचं एक खोकं आणि डेटॉलची बाटली दिली. "लाजू नका, घाला," म्हणाली. मी हातमोजे सुमनबाईंना देऊन टाकले. त्यांना प्लास्टरवर चढत नव्हते, पण डाव्या हाताला उपयोगी पडले.

मी रोज दोनदा जायची, सकाळी दहाला आणि दुपारी एकला. त्या वेळी खाली खानावळीत गर्दी असायची, बाकीच्या वेळी वाढप्या यायचा. तिसऱ्या दिवशी मला नळी किती वर धरायची ते न बघता कळायला लागलं. चौथ्या दिवशी त्या माणसानं इशाऱ्यानं मला खुर्ची दाखवली, उभ्यानं पाय दुखतील म्हणून. पाचव्या दिवशी मुलगा आला. मी त्याला नळी कशी धरायची ते दाखवायला पुढं झाले, तर त्याला ते माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं येत होतं. सुमनबाईंनी शेगडीवर चहा केला आणि स्टीलच्या पेल्यात मला दिला. पेल्याच्या काठाला धुतल्यानंतरही राहिलेला पांढुरका ओघळ होता. मी तो बघितला आणि चहा प्यायले.

आता पुण्यात लोक विचारतात, हैदराबादला कुठं उतरला होतात? मी बरकतपुरा म्हणते. त्यांना वाटतं तिथं माझं कुणी तरी असेल. खरं विचारलं तर मी त्या पाच दिवसांत सुधारले वगैरे नाही. सवय होईल असं मला वाटलं होतं, ती झाली नाही. रोज त्या जिन्यावर पाय ठेवला की पोटात ढवळून यायचं. शेवटच्या दिवशीही आलं. मी कठड्याला धरून थांबले, तोंडात आलेलं पाणी गिळलं, आणि वर गेले.